लग्नच झालं नाई म्हणे

माहा पोरगा म्हणते, त्याचं लग्नच झालं नाई.

आता मी त्याची माय. मी त्या लग्नात पहाटपासून उभी होती. मांडवात वऱ्हाड जेवलं, आलूवांग्याची भाजी झाली, भात झाला, अन् शेवटच्या पंगतीले बुंदी कमी पडली म्हणून माह्या नणदेनं दिवसभर तोंड पाडून ठेवलं. लग्नच नव्हतं तर मंग ते तोंड कायले पाडलं होतं तिनं? पण नाई. कोर्टाच्या कागदात लिहून आहे की असं लग्न झालंच नाई, अन् त्याच्या खाली माह्या पोराची सही आहे. सुबक अक्षर आहे त्याचं. लहानपणी मीच त्याचा हात धरून गिरवाले लावलं होतं.

मी केसरबाई. माजरीले कोळशाच्या कॉलनीत राहते. माहा नवरा रामाजी खाणीत होता, तो नोकरीत असतानाच छातीच्या बिमारीनं गेला. त्याच्या जागेवर अश्वजितले नोकरी लागली. क्वार्टर त्याच्या नावावर, अन् त्या क्वार्टरमंदी मी. मले दुसरं लेकरू नाई. एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी काय डावावर लावलं ते तुमाले समजीन.

सून रिना. पोट्टी आरमोरीकडची, पार जंगलाच्या कडेच्या गावची. तिचा बाप इसरूभाऊ धानाची थोडी शेती करते अन् उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडाले जाते. ही पोट्टी मी नाई पसंत केली. अश्वजितनंच केली. आक्टोबरात चंद्रपूरले दीक्षाभूमीवर लोकं जमतात, तथी पुस्तकाच्या दुकानावर ती उभी होती अन् ह्यानं पाह्यली. घरी आला अन् मले म्हणते, "आई, हीच." मी म्हणलं, "काय करते ती?" तर म्हणते, "पुस्तक पाहून राह्यली होती." एवढ्यावर त्यानं लग्न ठरवलं. मले हसू आलं होतं. आता नाई येत.

मे महिन्यात लग्न झालं अन् जानेवारीत पोट्टी माहेरी गेली. एवढाच संसार.

भांडण नाई झालं. मारझोड नाई, हुंडा नाई, काई नाई. लोकं विचारतात तेव्हा मले सांगाले बरं वाटीन असं एकबी कारण नाई. पोट्टीले दम्याचा त्रास होता, लहानपणी थोडासा, तो इथी आल्यावर वाढला. तिचं गाव म्हणजे मोकळी हवा. इथी सकाळी झाडलेल्या अंगणात दुपारी बोट फिरवलं तर बोट काळं होते. दिवाळीपासून ती खोकाले लागली. रात्री उठून बसे, उशी मांडीवर घेऊन. मी पाठ चोळून देऊ, पाणी गरम करून देऊ. अश्वजित उशी कानावर दाबून दुसऱ्या खोलीत जाय.

जानेवारीत तो म्हणला, "थोडे दिवस माहेरी राहू दे, तथची हवा चांगली आहे." स्वतः पोहोचवून आला. तिनं जाताना तिच्या दोन साड्या इथंच ठेवल्या, कारण तिले वापस यायचंच होतं.

आता आमच्याकडं एक गोष्ट आहे. बिमारीनं माहेरी गेलेल्या पोट्टीले आणाले नवऱ्यानं जावं लागते. ती आपल्या पायानं, एकटी, पिशवी घेऊन आली तर साऱ्या गावात बोभाटा होते की टाकलेली पोट्टी वापस आली. म्हणून पोट्टी वाट पाहते. बाप वाट पाहते. इसरूभाऊचा फोन येई, "जावई कवा येऊन राह्यले जी?" अश्वजित म्हणे, "पुढच्या सुट्टीले." मी त्याच्या मागं लागली, चिडली, एक दिवस त्याच्यापुढं ताट आपटलं. तो म्हणे, "जातो ना आई." होळी गेली, चौदा एप्रिल गेला. चौदा एप्रिलले हा निळा फेटा बांधून मिरवणुकीत नाचला, बायको माहेरी असताना. मंग त्यानं तिचा फोन उचलणं बंद केलं, अन् पोट्टीनं चंद्रपूरले कोर्टात केस टाकली.

केसमंदी लिहिलं होतं की नवऱ्यानं मले नांदवाले न्यावं, अन् नेत नसन तर पोटगी द्यावी. तिले औषध लागते, तोंडात फवारा माराचा पंप लागते, अन् इसरूभाऊच्या धानात ते बसत नाई. मागणं वावगं नव्हतं. माहं तर म्हणणं होतं, द्यावं अन् मोकळं व्हावं, नाई तर जाऊन घेऊन यावं. पण अश्वजितले कोण्यातरी ड्युटीवरच्या दोस्तानं सांगतलं की एकदा पोटगी लागली की जन्मभर पगारातून कटते. तो घाबरला. अन् घाबरलेला माणूस वकिलाकडं गेला की काय होते, ते मी पाह्यलं.

वकील चंद्रपूरचा. तोंडानं गोड. मले खुर्ची देल्ली, चहा बोलावला. अश्वजितले त्यानं विचारलं, "लग्न कुठल्या पद्धतीनं झालं?"

"बौद्ध पद्धतीनं," अश्वजित म्हणला.

"रजिस्टर केलं?"

"नाई. राहून गेलं."

वकिलाचा चेहरा खुलला. तो म्हणला, "मग लग्न कुठं झालं? हा खटला हिंदू विवाह कायद्याखाली आहे."

मी म्हणलं, "आम्ही हिंदू नाई जी."

"कायद्यापुरते आहात, आई. बौद्ध, जैन, शीख, सगळे त्यातच धरतात. आणि त्या कायद्यात सप्तपदी लिहिली आहे. विस्तवाभोवती सात पावलं. तुमच्याकडं झाली का?"

"आमच्याकडं होतच नाई ते."

"झालं तर. सात पावलं नाहीत, होम नाही, म्हणजे लग्न नाही. लग्न नाही म्हणजे ती बायको नाही. बायको नाही तर पोटगी कुणाची?"

मी अश्वजितकडं पाह्यलं. मले वाटलं हा आता उठीन, खुर्ची मागं सारीन अन् म्हणीन, चाल आई. तो मान हालवून राह्यला होता, परीक्षेत सोपा पेपर आलेल्या पोरासारखा.

मी वकिलाले विचारलं, "साहेब, माहं लग्न बी असंच झालं. मंग माहं काय?"

तो हसला. "तुमचं कोण विचारतं, आई?"

खरं आहे. कोणी विचारलं नव्हतं आजपर्यंत. विचाराची गरजच पडली नव्हती.

माहा बाप छप्पन साली सोळा आक्टोबरले चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, बाबासाहेबाच्या दीक्षेले होता. लहान होता, त्याच्या बापानं त्याले खांद्यावर घेतलं होतं. घरी आल्यावर माह्या आज्यानं देव्हाऱ्यातले देव एका फडक्यात बांधले अन् नदीत सोडून आला. माही आजी दोन दिवस रडली. मंग तिनं त्या फळीवर मिठाची बरणी ठेवली, कारण जागा रिकामी कायले ठेवायची. तेव्हापासून आमच्या घरात कोणत्याच लग्नाले विस्तव पेटवला नाई. पांढरे कपडे, बुद्धाच्या अन् बाबासाहेबाच्या फोटोपुढं मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, मंग नवरानवरीनं एकमेकाले वचनं द्यायची, हार घालाचे, लोकांनी फुलं टाकायची, संपलं. सात पावलं आमच्या म्हाताऱ्यांनी जाणूनबुजून सोडली. इसरल्यामुळं नाई सुटली ती. अन् आता त्याच म्हाताऱ्यांच्या नातवानं कोर्टात लिहून द्यावं की ह्या लोकांचे लग्नंच होत नाई?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पेताना मी त्याले धरलं. मी म्हणलं, "तुले लाज नाई वाटत का रे? पैसे देणं जिवावर आलं तर तसं सांग. पण असं?"

"वकील म्हणते ते कायद्याचं आहे, आई."

"कायदा मले नको शिकवू. तू त्या पोट्टीले मांडवात वचन देल्लं का नाई? माइकवर देल्लं. मी ऐकलं."

तो बशीत चहा ओतत ओतत हळूच म्हणला, "मले तिच्या खोकल्यानं झोप नाई येत होती."

"अरे, बिमार माणूस खोकलणारच ना."

"तसं नाई. बाबा असेच खोकलत. मी दहावीले होतो तेव्हापासून रात्री तेच ऐकलं. उशी मांडीवर घेऊन बसत, असेच. ती बी तशीच बसे. मले वाटे, आता हे पुन्हा चालू झालं, अन् पुन्हा तसंच संपीन. मी नाई पाहू शकत, आई. मी मुद्दाम नाई केलं."

माहा राग जागच्या जागी थंडावला. एवढ्या वर्षात त्यानं बापाचं नाव काढलं नव्हतं. मले वाटे, पोट्टं दगडाचं आहे. मी म्हणलं, "हे तिले सांग. जाऊन तिच्यापुढं सांग."

"आता काय तोंड घेऊन जाऊ?" तो म्हणला अन् ड्युटीवर निघून गेला.

हेच मले खाते. त्यानं हे रिनाले सांगतलं असतं तर ती समजली असती. ती तशीच पोट्टी आहे. त्यानं वकिलाले बी नाई सांगतलं. वकिलाले सांगण्यासारखं फक्त तेवढंच होतं त्याच्याजवळ, अन् ते त्यानं चहाबरोबर गिळून टाकलं.

मंग साक्षीचा दिवस ठरला. वकिलानं माह्या नावानं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मी सातवी शिकली आहे, मी पूर्ण वाचलं. सप्तपदी झाली नाही. होम झाला नाही. कन्यादान झालं नाही. सारं खरं. खोटं एकबी अक्षर नव्हतं त्यात. म्हणूनच मी सही केली. वकील म्हणला, "बघा आई, खोटं बोलायला कोण सांगतंय तुम्हाला? जेवढं विचारतील तेवढंच बोलायचं."

अश्वजित एरवी मोटरसायकलनं जाते. त्या दिवशी माह्या गुडघ्यामुळं आम्ही बसनं गेलो. खिडकीजवळ मले बसवलं. भद्रावती गेल्यावर म्हणते, "आई, तुह्याच भरोशावर आहे सारं." मी म्हणलं, "पाह्यलं जाईन." त्यानं माह्या हातावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून त्यानं असा हात ठेवला नव्हता. मी खिडकीबाहेर पाहत राह्यली, कारण मले स्वतःलेच माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे.

कोर्टात रिना बसून होती. वाळली होती पोट्टी, गळ्याची हाडं दिसत होती. बाजूले इसरूभाऊ, धुतलेल्या सदऱ्यात. त्यानं मले पाहून दोन्ही हात जोडले. मी पण जोडले. रिनानं खाली पाह्यलं.

मले पिंजऱ्यात उभं केलं. जज बाई होत्या, चष्म्यातून पाहत. खरं सांगीन अशी शपथ घेतली. मंग रिनाकडची वकील उठली. कोवळी पोट्टी, काळा कोट तिच्या खांद्यावरून घसरून राह्यला होता.

"केसरबाई, सप्तपदी झाली नाही, असं तुम्ही लिहून दिलंय. खरं का?"

"हाव जी. खरं आहे."

"होम?"

"नाई झाला."

अश्वजितच्या वकिलानं पायावर पाय टाकला.

"मग त्या दिवशी काय झालं होतं, ते सांगा."

आमचा वकील उठून काहीतरी म्हणाले लागला. जज बाई म्हणल्या, "सांगू द्या त्यांना."

मी सांगतलं. विहारापुढं मांडव होता. दोघंबी पांढऱ्या कपड्यात. मेणबत्ती लावली. त्रिशरण घेतलं, पंचशील घेतलं. मंग वचनं झाली.

"कसली वचनं?" जज बाईंनी स्वतः विचारलं.

"नवऱ्याची वेगळी, नवरीची वेगळी, मॅडम. नवऱ्यानं म्हणाचं, मी हिचा मान राखीन. हिचा अपमान करणार नाई. हिच्याशी बेइमानी करणार नाई. घरचा कारभार हिच्या हाती देईन. अन् हिले अन्नवस्त्राची कमी पडू देणार नाई."

"हे तुमच्या मुलानं म्हटलं होतं?"

"हाव. माइकवर. त्याचा आवाज थरथरत होता म्हणून बौद्धाचार्य म्हणले, जोरात म्हणा, मागच्याले ऐकू येऊ द्या. मंग त्यानं जोरात म्हणलं."

ते म्हणताना मी सहज रिनाकडं पाह्यलं. तिचे ओठ हलून राह्यले होते. ती तिची वचनं म्हणत होती का त्याची, ते मले समजलं नाई.

इथी मी थांबू शकत होती. विचारलं तेवढं सांगून झालं होतं. पण ती वकील पोट्टी बसता बसता म्हणली, "आणि तुमच्या समाजात लग्न असंच होतं?" अन् त्या प्रश्नावर माह्यापाशी जेवढं होतं तेवढं सारं बाहेर आलं.

मी म्हणलं, "असंच होते. माहं बी असंच झालं, रामाजीसंग. मी बी सात पावलं नाई चालली. तरी तो गेला तेव्हा कंपनीनं मले त्याची बायको म्हणून पेन्शन देल्ली. ह्या पोट्ट्याले त्याचा पोरगा म्हणून नोकरी देल्ली. तेव्हा कोणी नाई विचारलं, पावलं चालल्या का बाई. आता हे लग्न नसन, तर मंग माहं बी नाई. माहं नाई, तर हा रामाजीचा पोरगा कसा? अन् रामाजीचा पोरगा नाई, तर नोकरी कोणाची करून राह्यला हा? मॅडम, लिहाचं असन तर हे बी लिहून घ्या. एकीचंच कायले पुसता, दोघींचं पुसा."

मंग जज बाईंनी टाइप करणाऱ्याले सांगतलं, "साक्षीदार पुढे म्हणते की तिचा स्वतःचा विवाहही याच पद्धतीने झाला व तो सर्वत्र मान्य आहे." माहा सारा संसार त्यांनी एका ओळीत बसवला. बरोबरच होतं ते.

आमच्या वकिलानं मले एकबी प्रश्न नाई विचारला. अश्वजित स्वतःच्या बुटाकडं पाहत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी मार खाल्ल्यावर होत, तशाच.

निकालाचं आताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीले नाई राहणार. जज बाईंनी लिहिलं की ज्या समाजाची जी रीत, त्या रीतीनं लागलं ते लग्न कायद्याले मान्य आहे, आणिक पोटगी बांधून देल्ली. पुढं दोन्हीकडच्या वकिलांनी मिळून एकदाच काय ते द्याचं ठरवलं, अन् घटस्फोट झाला. लग्न झालं होतं असं ठरलं म्हणूनच ते मोडता आलं. तोपर्यंत ते ना धड जुळलेलं होतं ना धड तुटलेलं. मी साक्ष देल्ली ती सुनेचं सूनपण वाचवाले, अन् त्याच साक्षीनं ती माही सून नाई राह्यली. असं कसं होते, मले अजून नाई समजत.

पण त्या दिवशीचं राह्यलं आहे.

बाहेर व्हरांड्यात रिना बाकावर बसली होती, तोंडात पंपाचा फवारा घेत. मी तिच्यापाशी गेली. मले वाटलं होतं ती गळ्यात पडीन. खोटं कायले बोलू, तसंच वाटलं होतं. ती उठून उभी राह्यली, पदर सावरला अन् म्हणली, "बसा बाई."

आठ महिने माह्या घरात ती मले आई म्हणे. झोपेतून हाक मारली तरी आई म्हणे. आता बाई.

मी म्हणलं, "रिना, खरं होतं ते मी सांगतलं. आता तुले पोटगी भेटीन. औषधाची चिंता नाई राहणार."

"हाव," ती म्हणली. "पाहिजेच मले. त्याची मले लाज नाई वाटत." मंग जरा दम घेऊन म्हणली, "पण बाई, माह्या कागदात पहिले काय लिहिलं होतं, ते कोणी वाचलंच नाई."

"काय लिहिलं होतं?"

"नांदाले घेऊन जा, असं लिहिलं होतं. पोटगीचं त्याच्या खाली होतं. साऱ्या कोर्टात खालच्याच ओळीवर भांडण चाललं. वरची ओळ कोणी वाचली नाई. त्यांनी नाई, वकिलांनी नाई, तुम्ही बी नाई."

मले ती ओळ माहीत होती. मी वाचली होती. पण वकिलानं सात पावलं काढली तेव्हापासून माह्या डोक्यात आमचं लग्न खरं का खोटं एवढंच घुमत होतं. माहा बाप, माहा आजा, रामाजी, सारे उभे राह्यले होते डोळ्यापुढं. ही पोट्टी त्याच्यामंदी कुठीच नव्हती.

ती म्हणली, "आता तुम्ही त्यांच्याविरुद्ध बोलल्या. आता ते आणाले येतीन का?"

"नाई येणार," मी म्हणलं.

तिनं मान हालवली. इसरूभाऊ दोन कप चहा घेऊन आला होता. एक त्यानं मले देल्ला, एक पोरीले, अन् स्वतः तसाच उभा राह्यला. चहात साखर खूप होती. मी तो सारा पेला. नाई म्हणाचं तोंड नव्हतं माहं.

बसस्टँडवर अश्वजित माह्यापासून लांब, खांबाले टेकून उभा होता. वकिलानं त्याले काय सांगतलं असन ते मले समजत होतं. नोकरीचं नाव कोर्टाच्या कागदात चढलं होतं, त्याची भीती वेगळीच. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणणार होती की बावा, आता तरी तिच्या गावाची बस पकड, ती बस समोरच लागून आहे, जाऊन तिले बाबाच्या खोकल्याचं सांग. आरमोरीची बस खरंच समोर लागून होती. रिना अन् इसरूभाऊ तिच्यात चढताना मले दिसले. त्याले बी दिसले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, अन् तो खांब सोडून दोन पावलं पुढं झाला. मंग तो वळला अन् आमच्या बसकडं चालाले लागला. अजून दोन पावलांचंच अंतर होतं, पण ते त्याले नाई जमलं.

आमच्या बसची पायरी उंच होती. माहा गुडघा वाकेना. त्यानं मागून माह्या दंडाले धरलं अन् वर चढवलं, सकाळी चढवलं होतं तसं. मले वाटलं, झालं, राग गेला. मी खिडकीकडं सरकली अन् त्याच्यासाठी जागा केली. तो माह्या बाजूनं पुढं गेला अन् तीन सीटा सोडून बसला.

गाडी गावाबाहेर निघाल्यावर कंडक्टर पुढून तिकिटं फाडत आला. अश्वजितपाशी थांबला. मले सारं ऐकू येत होतं.

"कुठी?"

"माजरी फाटा. एक."

"अन् मागं मावशी आहे ना तुमच्यासंग? तुम्हीच चढवलं ना त्याइले?"

अश्वजितनं मागं नाई पाह्यलं. "एकच द्या," तो म्हणला.

कंडक्टरनं त्याले तिकीट देल्लं अन् माह्याकडं आला. म्हातारा माणूस होता. एकदा त्याच्याकडं पाहे, एकदा माह्याकडं. अश्वजितचं नाक माह्यावर गेलं आहे, कोणीबी सांगीन.

"काय वो मावशी," तो हळूच म्हणला, "तो पोरगा तुमचाच ना?"

दुपारीच मी शपथ घेऊन खरं बोलली होती. अश्वजितची मान ताठ झालेली मले मागून दिसली. तो ऐकत होता. त्याले माह्याकडून दिवसभर जे 'नाई' पाहिजे होतं, ते मी कोर्टात नव्हतं देल्लं.

"नाई जी," मी म्हणलं. "मी एकटीच आहे. मले अर्धं द्या."